सामाईक रिसीव्ह क्यू आणि अडीच वाजताची अडचण : उद्यमबागेतलं एक प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या ओतीव बॉड्यांवर मशिनिंग होतं. माल बाहेर पडण्याआधी तपासणीची १२ स्टेशनं आहेत आणि प्रत्येक स्टेशनवर ८ कॅमेरे. एका कॅमेऱ्यामागे एक प्रोसेस, आणि त्या प्रोसेसची मधल्या सर्व्हरशी एक स्वतंत्र आरडीएमए जोडणी (प्रोसेसरला मध्ये न घेता नेटवर्क कार्डाने डेटा थेट मेमरीतून मेमरीत हलवायची पद्धत), म्हणजे एकूण ९६ जोडण्या. सर्व्हरमध्ये २५ गिगाबिटचं एक कार्ड, वर रॉकी व्ही२, म्हणजे इथरनेटवरून आरडीएमए चालवायची पद्धत, आणि मध्ये एकच स्विच. सॉफ्टवेअर टिळकवाडीतल्या एका छोट्या टीमने लिहिलेलं. टीमचा म्होरक्या वडगावचा, घरात अजून माग चालतो. सोबत निपाणीची एक मुलगी, आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी इंटर्न म्हणून. मला यात बाहेरून, सल्ल्यापुरतं बोलावलं होतं.

एवढ्याशा कामाला आरडीएमए कशाला, नेहमीच्या टीसीपी नेटवर्किंगने भागलं नसतं का? बहुतेक भागलं असतं. पण कार्डं आधीच विकत घेतलेली होती आणि सर्व्हरचे सगळे कोअर फोटोंमधले दोष ओळखण्यात गुंतलेले, त्यामुळे डेटा हलवण्याचं काम प्रोसेसरवर टाकायचं नाही असं ठरलं होतं. हा निर्णय मला पटो न पटो, प्रश्न त्यापुढचा होता. मेमरी वाचवण्यासाठी टीमने सर्व्हरवर सामाईक रिसीव्ह क्यू, म्हणजे एसआरक्यू आणली: येणारे संदेश घेण्यासाठी सगळ्या जोडण्यांची मिळून एकच रांग. त्यानंतर पहिली शिफ्ट संपताना, दुपारी अडीचला, सगळं अडायला लागलं. शिफ्ट सुपरवायझरच्या शब्दांत, “सर, अडीच वाजले की हे बसतंय बघा. मग रीचेकचं क्रेट भरून वाहतंय.”

आधी काय होतं आणि मग काय झालं

आरडीएमएमध्ये समोरच्याच्या मेमरीत थेट लिहिता येतं किंवा तिथून थेट वाचता येतं. त्यात समोरच्या प्रोग्रॅमला काहीच करावं लागत नाही. पण साधा ‘सेंड’ संदेश पाठवायचा असेल, तर घेणाऱ्याने तो कुठे ठेवायचा ते आधीच सांगून ठेवावं लागतं. त्यासाठी रिसीव्ह क्यूमध्ये रिकामे बफर, म्हणजे मेमरीतले ठरावीक मापाचे कप्पे, मांडून ठेवायचे. संदेश आला की कार्ड रांगेतला पुढचा बफर उचलतं, त्यात मजकूर ओततं आणि कम्प्लिशन क्यूमध्ये, म्हणजे पूर्ण झालेल्या कामांच्या रांगेत, नोंद टाकतं. इमिजिएट डेटासकट, म्हणजे सोबत एक छोटा आकडा जोडून, केलेलं ‘राइट’सुद्धा असा एक बफर खातं. नवशिक्यांच्या हे हमखास लक्षात राहत नाही आणि मग त्यांचा हिशेब चुकतो.

इथे मोठे मूळ फोटो ‘राइट’ने थेट सर्व्हरच्या मेमरीत जात होते, त्यांची तक्रार नव्हती. प्रत्येक नगाची नोंद आणि त्यासोबतचा छोटा फोटो मात्र ‘सेंड’ने जायचा. सर्व्हर ती नोंद वाचून नग पास की नापास ते कळवायचा आणि स्टेशन त्याप्रमाणे नग पुढे सोडायचं किंवा बाजूला ढकलायचं. उत्तर वेळेत आलं नाही तर नग थेट रीचेकच्या क्रेटमध्ये जायचा. शहाणपणाची सोय. तिच्यामुळेच अडचण लवकर दिसली.

जुन्या रचनेत प्रत्येक जोडणीची स्वतःची रिसीव्ह क्यू होती. तिच्यात १२८ बफर, प्रत्येक ६४ किलोबाइटचा. म्हणजे एका जोडणीला ८ मेगाबाइट आणि ९६ जोडण्यांना ७६८ मेगाबाइट. ही मेमरी कार्डासाठी नोंदवलेली, म्हणून जागेवर खिळलेली असते. कर्नल ती डिस्कवर ढकलू शकत नाही की दुसऱ्या कामाला देऊ शकत नाही. सर्व्हरमध्ये ३२ गिगाबाइट असताना एवढ्याने काही अडत नव्हतं. पण खानापूर रस्त्यावरच्या जोडयुनिटमध्ये ४०० जोडण्यांचा बेत होता आणि तिथला सर्व्हर बेताचा. याच पद्धतीने तिथे ३.१ गिगाबाइट खिळून पडणार होते, तेही बहुतांश रिकामे. त्यामुळे एसआरक्यूचा विचार अगदी रास्त होता.

एसआरक्यूमध्ये अनेक जोडण्या मिळून एकाच रांगेतून बफर उचलतात. कोणत्या जोडणीवर कधी संदेश येईल ते माहीत नसलं, तरी सगळ्यांवर एकदम येणार नाही, या भरवशावर बफर कमी ठेवायचे. कल्पना जुनी आहे. २००५-०६ च्या सुमारास हजारो प्रोसेसच्या क्लस्टरवर एमपीआय (प्रोसेसना आपसांत संदेश पाठवू देणारी प्रणाली) चालवणाऱ्यांना हाच प्रश्न पडला होता, आणि ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एमव्हापिचसारख्या प्रकल्पांनी याच क्यूच्या आधाराने मेमरी आटोक्यात आणली. आमच्या टीमने २,०४८ बफरची एक एसआरक्यू केली. १२८ मेगाबाइटमध्ये काम झालं. सोबत कम्प्लिशन क्यूही एकच केली, कारण ९६ क्यू तपासत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

२,०४८ हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. एका कॅमेऱ्यासमोरून साधारण ४ सेकंदांनी एक नग जातो, म्हणजे सगळे मिळून सेकंदाला २४ संदेश. एका संदेशावर सर्व्हर सुमारे १२ मिलिसेकंद काम करतो. जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम लावला, येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, तर एका वेळी सरासरी ०.२९ बफर अडकलेले असतात. एक बफरसुद्धा भरत नाही, आणि मांडलेले २,०४८! कागदावर हे उधळपट्टीसारखं दिसत होतं.

संशय आधी भलत्यांवर

अडीचला कारखान्यात एकदम बरंच काही घडतं. मशिनं बंद होतात, कॉम्प्रेसर उतरतो, दिवे, पंखे, सगळं. म्हणून पहिला संशय विजेवर गेला. यूपीएसच्या नोंदींत काही सापडलं नाही. मग स्विच. रॉकी व्ही२ यूडीपीवरून चालतं, पोर्ट ४७९१. वाटेत पॅकेट गळालं तर कार्ड मागचं सगळं परत पाठवत बसतं आणि वेग कोसळतो. त्यामुळे फ्लो कंट्रोल (गर्दी झाली की पाठवणाऱ्याला थांबवायची सोय) नीट लावलंय का हा प्रश्न योग्यच होता, आणि त्यावर सर्वांचा बराच वेळ गेला.

खरं उत्तर कार्डाच्या काउंटरमध्ये होतं. लिनक्समध्ये प्रत्येक आरडीएमए पोर्टखाली हार्डवेअर काउंटरचा एक फोल्डर असतो. पॅकेट वाटेत हरवत असतील तर ‘आउट ऑफ सीक्वेन्स’ वाढतो. तो जागचा हलला नव्हता. अडीचच्या सुमारास सर्व्हरवर उसळी मारत होता तो ‘आउट ऑफ बफर’, आणि त्याच वेळी स्टेशनांवर ‘आरएनआर नॅक’चा, म्हणजे ‘घेणारा तयार नाही’ अशा नकारांचा काउंटर. अर्थ स्पष्ट होता. पॅकेट पोचत होती, पण ती ठेवायला सर्व्हरकडे बफर नव्हता.

या दोन काउंटरांमधला फरक अशा प्रकरणात सर्वांत आधी पाहावा असं माझं मत झालंय. नेटवर्क गळतंय आणि घेणारा तयार नाही, या दोन्हींचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच: जोडणी अडकते, मग तुटते. पण त्यांच्यासाठी पाठवणाऱ्याकडे पुन्हा प्रयत्नांच्या मर्यादाही वेगळ्या असतात. पहिल्याची दुरुस्ती स्विचवर होते, दुसऱ्याची तुमच्या कोडमध्ये.

आरएनआर म्हणजे काय, आणि दोन मिलिसेकंदांचा धीर

बफर संपले असताना संदेश आला की घेणारं कार्ड ‘रिसीव्हर नॉट रेडी’ असं उलट कळवतं. त्यात किती वेळ थांबायचं तेही सांगितलेलं असतं. हा वेळ घेणारा ठरवतो, आणि तो मिलिसेकंदांत नसून ० ते ३१ या सांकेतिक अंकांत असतो. १ म्हणजे ०.०१ मिलिसेकंद, १२ म्हणजे ०.६४, ३१ म्हणजे ४९१.५२, आणि ० म्हणजे शून्य नव्हे तर सर्वांत मोठा, ६५५.३६ मिलिसेकंद. कितीदा पुन्हा प्रयत्न करायचा ते पाठवणारा ठरवतो. तिथे ७ लिहिलं की अंत नाही. तेवढे प्रयत्न संपले की पाठवणाऱ्याला चूक येते आणि ती जोडणी एरर अवस्थेत जाते.

इथे घेणाऱ्याचा अंक होता १२, पाठवणाऱ्याचे प्रयत्न ३. म्हणजे एकूण धीर साधारण २ मिलिसेकंदांचा.

आता अडीचला नेमकं काय होत होतं ते पाहू. दिवसभरात ज्या नगांबद्दल शंका आली त्यांचे छोटे फोटो स्टेशनवरच साठवून ठेवले जायचे. सुपरवायझर शिफ्ट बंद करण्याचं बटण दाबायचा, सर्व्हर सगळ्या स्टेशनांना एकदम कळवायचा, आणि सगळी स्टेशनं साठवलेलं एकदम ओतायची. दोन लाइनी सलग चालतात, त्यांची स्टेशनं वगळली तर उरली १०, म्हणजे ८० जोडण्या. प्रत्येकीवर ६० च्या आसपास संदेश. एकूण ४,८००.

एक संदेश सरासरी ५० किलोबाइटचा. २५ गिगाबिटच्या तारेवरून ४,८०० संदेश यायला जेमतेम ८० मिलिसेकंद लागतात. पहिले २,०४८ तर ३५ मिलिसेकंदांच्या आतच पोचतात. या वेळात सर्व्हर किती बफर मोकळे करतो? संदेशांवर काम करणारे १६ वर्कर, प्रत्येकी १२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे १,३३०. ३५ मिलिसेकंदांत फार तर पन्नासेक. सगळा ढीग उपसायला साडेतीन सेकंदांहून जास्त हवेत आणि पाठवणाऱ्याचा धीर आहे २ मिलिसेकंद. जोडण्या तुटल्या नसत्या तरच नवल. तुटलेली स्टेशनं लगेच पुन्हा जोडून पहिल्यापासून पाठवायची, त्यामुळे ढीग आणखी वाढायचा.

जुन्या रचनेत हे कधीच झालं नव्हतं, आणि त्याचं कारण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक जोडणीला १२८ बफर होते आणि शिफ्टच्या शेवटी यायचे ६०. सगळा लोंढा निमूटपणे त्या ७६८ मेगाबाइटमध्ये मावायचा. ती मेमरी वाया जात नव्हती, दिवसातून एकदा कामाला यायची. सरासरी काढताना नेमकी तीच वेळ पुसली गेली.

अंक ७ करून पाहिला

बोलावणं येण्याआधीच टीमने एक उपाय केला होता: पाठवणाऱ्याचे प्रयत्न ७ केले, म्हणजे अमर्याद. चुका थांबल्या. जोडण्या तुटेनाशा झाल्या. पण रीचेकचं क्रेट आणखीच भरायला लागलं, आणि तेही कोणत्या लाइनींचं? ज्या दोन लाइनींची शिफ्ट बदलतच नव्हती, त्यांचं.

सामाईक रांगेची खरी गोम इथे आहे. त्या दोन लाइनींच्या १६ जोडण्या शांतपणे चार सेकंदांनी एक संदेश पाठवत होत्या. त्यांचा काही दोष नव्हता. पण बफर उरले नाहीत तर त्यांनाही आरएनआर येणार, त्यांनाही थांबावं लागणार. थांबून पुन्हा आल्या तर मधल्या काळात मोकळे झालेले बफर त्या ८० जोडण्यांनी पटकावलेले. येळ्ळूरकडच्या शेतात चार भावांची सामाईक विहीर असते, तिथे पाळी ठरलेली नसेल तर ज्याची मोटर मोठी त्याचं रान भिजतं. कार्डाला पाळी माहीत नसते. जो संदेश आधी आला त्याला बफर मिळतो.

शिवाय जुन्या रचनेत वर्कर प्रत्येक जोडणीच्या कम्प्लिशन क्यूमधून फेरीने एकेक नोंद उचलायचे. सगळ्या ९६ ची फेरी झाली तरी १६ वर्करांना ७० मिलिसेकंदांच्या आसपास लागायचे, म्हणजे चालू लाइनीला उशीर होऊन होऊन तेवढाच. कम्प्लिशन क्यू एकच केल्यावर ही समानता गेली. चालू लाइनीची नोंद दोन हजार नोंदींच्या मागे उभी राहू लागली. स्वतंत्र रांगा असताना न्याय फुकट मिळत होता. रांग सामाईक केली की तो कोडमध्ये लिहावा लागतो.

एक तोटा आणखी. संदेश अनेक पॅकेटांचा असतो. आरएनआर आला की पाठवणारं कार्ड तो संदेश पुन्हा पाठवतं आणि आधी वाटेला लागलेली पॅकेट फेकून दिली जातात. म्हणून अडीचला तारेवर वाहतूक भरपूर दिसायची आणि हाती फारसं काही लागायचं नाही. आलेख पाहून स्विचवर संशय यायचं हेही एक कारण.

टेबलावरची तालीम

चालू लाइनीवर प्रयोग करायला कारखाना तयार नव्हता, आणि बरोबरच आहे. मग टिळकवाडीत दोन लॅपटॉप आणि एक साधा गिगाबिट स्विच घेऊन सगळं उभं केलं. लिनक्स कर्नलमध्ये ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून, सॉफ्ट-रॉकी आहे. साध्या इथरनेट कार्डावर तो एक नकली आरडीएमए डिव्हाइस तयार करतो, एसआरक्यूसकट. महागड्या कार्डाशिवाय हे प्रोग्रॅमिंग शिकता येतं हे इंटर्न पोरांना तेव्हाच कळलं, आणि त्यांनी रात्रीतून पाठवणाऱ्या प्रोसेसचा थवा लिहून काढला. सॉफ्ट-रॉकीवर वेळेचे आकडे खरे मानायचे नाहीत. पण बफर संपले की काय होतं, कोणता इव्हेंट येतो, कोणती चूक परत येते, हे सगळं तिथे नीट दिसतं.

तिथे एक जुनी गोष्ट उघडी पडली. एसआरक्यूला ‘लिमिट’ नावाची एक मर्यादा देता येते. रांगेतले बफर तिच्याखाली उतरले की कार्ड एक इव्हेंट पाठवतं, की बाबा, भर घाला. टीमने ही मर्यादा क्यू तयार करतानाच दिली होती. लिबआयबीव्हर्ब्ज या आरडीएमएच्या लायब्ररीत क्यू तयार करताना त्या आकड्याला काही अर्थ नसतो. तो नंतर, क्यूमध्ये बदल करण्याच्या कॉलने वेगळा द्यावा लागतो. ते दुरुस्त केलं, तर इव्हेंट एकदाच आला आणि मग गप्प. तेही नियमाप्रमाणेच आहे: इव्हेंट निघाला की मर्यादा आपोआप शून्य होते, दर वेळी नव्याने लावावी लागते. आधी बफर भरायचे, मग मर्यादा लावायची, याच क्रमाने. आणि आलेला असिंक्रोनस इव्हेंट ‘मिळाला’ म्हणून परत कळवायचाच. तो राहिला तर क्यू मोडायचा कॉल तिथेच वाट पाहत अडकून बसतो.

निपाणीच्या त्या मुलीचं यावरचं म्हणणं असं, की जो इव्हेंट एकदाच वाजतो त्याच्यावर रोजची भरणी कशाला सोपवायची? मला ते पटलं. भरणी प्रत्येक कम्प्लिशननंतर व्हावी आणि लिमिटचा इव्हेंट फक्त धोक्याची घंटा म्हणून ठेवावा. तसंच केलं. तो वाजला की आता फक्त लॉगमध्ये ओळ पडते आणि सुपरवायझरच्या पडद्यावर एक पट्टी दिसते.

आठवडाभरात आक्रसणारी रांग

त्रास शनिवारी सर्वांत जास्त आणि सुटीनंतर सर्व्हर पुन्हा सुरू झाला की कमी, असंही लोक सांगत होते. याचा लोंढ्याशी संबंध नव्हता. रांग खरोखरच रोज थोडी लहान होत होती.

शिफ्टनंतर काही स्टेशनं बंद केली जातात. जोडणी तुटली की सर्व्हरचा कोड लगेच तिची क्यू-पेअर, म्हणजे पाठवण्या-घेण्याच्या रांगांची जोडी, मोडून टाकायचा. स्वतंत्र रिसीव्ह क्यू असताना क्यू-पेअर एरर अवस्थेत गेली की तिच्यात मांडलेले सगळे बफर ‘फ्लश’ अशा शेऱ्यासह कम्प्लिशन क्यूमधून परत येतात. हिशेब आपोआप जुळतो. एसआरक्यूमध्ये तसं होत नाही, होऊही नये, कारण रांगेतले बफर एकट्या त्या जोडणीचे नसतात. पण त्या जोडणीने आधीच उचललेले काही बफर असतात: अर्धवट आलेले संदेश, किंवा पूर्ण आलेले पण कोडने अजून न पाहिलेले. क्यू-पेअर मोडली की लायब्ररी तिच्या नावाच्या नोंदी कम्प्लिशन क्यूमधून साफ करते. रांगेतली जागा मोकळी होते. पण तो बफर कोणता होता हे प्रोग्रॅमला कधीच कळत नाही. बफर मेमरीत आहे, नोंदवलेला आहे, फक्त कुणाच्याच यादीत नाही.

योग्य रीत अशी. आधी क्यू-पेअर एरर अवस्थेत न्यायची. मग ‘लास्ट डब्ल्यूक्यूई रीच्ड’ या इव्हेंटची वाट पाहायची. ही क्यू-पेअर आता एसआरक्यूमधून काहीही उचलणार नाही, असं तो सांगतो. त्यानंतर कम्प्लिशन क्यू रिकामी होईपर्यंत उपसायची, प्रत्येक नोंदीतला बफर यादीत परत घालायचा, आणि मगच क्यू-पेअर मोडायची. एसआरक्यूवाल्या क्यू-पेअरवर स्वतःचा वेगळा बफर मांडता येत नाही, त्यामुळे ‘शेवटचा’ म्हणून खुणेचा रिसीव्ह टाकायची जुनी युक्ती इथे चालत नाही. कम्प्लिशन क्यू मात्र सगळ्यांची एकच असल्याने चालू जोडण्यांच्या नोंदी येतच राहतात आणि ती कधी रिकामीच दिसत नाही. मग क्यूच्या क्षमतेइतक्या नोंदी उपसून झाल्या की थांबायचं असं ठरवलं.

बफरांची मोजदाद आता कोडमध्येच आहे: रांगेत किती, वर्करकडे किती, मोकळे किती. तिघांची बेरीज एकूण संख्येइतकी आली नाही तर प्रोग्रॅम ओरडतो. ही तपासणी पहिल्या दिवसापासून असती तर शनिवारचा त्रास शनिवारपर्यंत लांबला नसता.

नवी मांडणी

पहिला मोह रांग ८,१९२ बफरांची करायचा होता. ६४ किलोबाइटने गुणलं तर ५१२ मेगाबाइट. मग एसआरक्यू आणलीच कशाला?

खरा प्रश्न बफर किती यापेक्षा एक बफर किती वेळ अडकून राहतो हा होता. कोड बफरमधलाच फोटो उघडून त्यावर १२ मिलिसेकंद काम करायचा आणि मग तो रांगेत परत घालायचा. कॉपी करायची नाही, हे आरडीएमएचं ब्रीद टीमने मनावर घेतलेलं. म्होरक्याला मी म्हटलं, कॉपी करून बफर लगेच परत दे. तो म्हणाला, “मग टीसीपी काय वाईट होतं?” प्रश्न बिनतोड होता. त्यातून दुसरी वाट निघाली, आणि ती त्याचीच.

फोटो ‘सेंड’ने पाठवायचाच नाही. ५१२ बाइटची चिठ्ठी पाठवायची: नग कोणता, फोटो स्टेशनच्या मेमरीत कुठे आहे, किती मोठा आणि त्याची रिमोट की (ती मेमरी दुरून वाचू देणारा आकडा) काय. सर्व्हर चिठ्ठी उचलतो, आपल्या यादीत उतरवतो आणि बफर तत्काळ परत मांडतो. ५१२ बाइट उतरवण्याला कॉपी म्हणून कोणी नाक मुरडू नये. वर्कर मोकळा झाला की तो स्वतः आरडीएमए ‘रीड’ने फोटो ओढून घेतो. त्यात स्टेशनचा रिसीव्ह बफर लागत नाही आणि सर्व्हरच्या एसआरक्यूलाही धक्का नाही. सर्व्हर झेपेल तेवढंच ओढतो, म्हणून लोंढा आला तरी तो स्टेशनांच्या मेमरीत थांबतो. एका जोडणीवर एका वेळी किती ‘रीड’ चालू ठेवता येतात याला कार्डाची मर्यादा आहे, या कार्डांवर १६; ती इथे पुरेशी आहे. ‘फोटो घेतला’ असं कळेपर्यंत स्टेशनने ती मेमरी पुसायची नाही, एवढं एक बंधन वाढलं.

बफर आता १ किलोबाइटचा. ८,१९२ मांडले तरी ८ मेगाबाइट. एसआरक्यूमधले सगळे बफर एकाच मापाचे ठेवणं भाग असतं, कारण कोणता संदेश कोणत्या बफरमध्ये पडेल ते सांगता येत नाही आणि संदेश बफरपेक्षा मोठा निघाला तर जोडणीच तुटते. त्यामुळे छोट्या चिठ्ठ्यांपुरतीच सामाईक रांग ठेवणं हे एरवीही बरं.

वर्करांपुढे प्रत्येक जोडणीची वेगळी यादी आली आणि फेरीने उचलण्याची जुनी पद्धत परत आली. शिवाय प्रत्येक जोडणीला ६४ चिठ्ठ्यांची उधारी. तेवढ्या उत्तराविना पडून असतील तर स्टेशनने नवी पाठवायची नाही. ९६ गुणिले ६४ म्हणजे ६,१४४. रांगेत ८,१९२ आहेत, म्हणून सगळ्यांनी एकदम उधारी वापरली तरी बफर संपत नाहीत. उधारी परत देण्याची सूचना सर्व्हरच्या उत्तरातच जाते.

चालू लाइनीचा पास-नापास या सगळ्यातून बाहेर काढला. त्यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याला दुसरी, छोटी क्यू-पेअर, तिला स्वतःची १६ बफरची रिसीव्ह क्यू. ९६ जोडण्यांची मिळून दीड मेगाबाइट. ज्या संदेशाला उशीर चालणार नाही तो सामाईक रांगेत ठेवू नये, मेमरी कितीही वाचत असली तरी, यावर माझा आग्रह होता. क्यू-पेअर एसआरक्यूला जोडायची की नाही हे ती तयार करतानाच ठरतं, नंतर बदलता येत नाही, म्हणून जोडणी जुळण्याच्या वेळीच ती कशासाठी आहे हे सांगणारा एक बाइट घातला.

कम्प्लिशन क्यूचं मापही बदलावं लागलं. ती ४,०९६ नोंदींची होती. तेव्हा एसआरक्यूमध्ये २,०४८ बफर होते म्हणून निभावलं. ८,१९२ बफरांच्या नोंदी एकदम आल्या असत्या तर क्यू ओसंडली असती, आणि ओसंडलेली कम्प्लिशन क्यू एररमध्ये जाते ती तिच्यावरच्या सगळ्या जोडण्या घेऊनच. पुढेमागे कोअरनिहाय चार कम्प्लिशन क्यू केल्या तरी एसआरक्यू एकच असेल, तर प्रत्येकीला पूर्ण ८,१९२ ची जागा द्यावी लागेल, कारण सगळे संदेश एकीवरच पडू शकतात. लिनक्समधल्या, नेटवर्कवरून डिस्क पुरवणाऱ्या एनव्हीएमई टार्गेट ड्रायव्हरने याबाबत वेगळी वाट घेतली आहे. तिथे प्रत्येक कम्प्लिशन व्हेक्टरला (कम्प्लिशनची सूचना ज्या इंटरप्टवाटे येते त्याला) वेगळी एसआरक्यू असते. त्याने कोअरांमधली ओढाताणही कमी होते. ९६ जोडण्यांसाठी ती खटपट करायची गरज दिसली नाही.

पाठवणाऱ्याचे अमर्याद प्रयत्न काढून पुन्हा ३ केले. उधारी पाळली जात असेल तर आरएनआर यायलाच नको. आला तर कुठेतरी हिशेब फसलाय, आणि ते झाकण्यापेक्षा जोडणी तुटून दिसलेलं बरं. यावर टीममध्ये एकमत झालं नाही. चालू लाइनीच्या छोट्या क्यू-पेअरवर ७ ठेवला आहे, कारण तिथे तुटण्यापेक्षा थांबणं परवडतं, आणि थांबलंच तर क्रेट आहेच.

शिफ्ट बंद करण्याचं बटण मी स्टेशनांमध्ये थोडं थोडं अंतर ठेवून पसरवायला सुचवलं होतं. सुपरवायझरने नकार दिला. बटण दाबल्यावर सगळ्या स्टेशनांवर हिरवा दिवा एकदम लागतो, तो पाहूनच माणसं घरी जातात. अडीचला आता ‘आउट ऑफ बफर’ हलत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला.

खानापूर रस्त्यावरच्या युनिटचं गणित मात्र याच मापाने बसत नाही. ४०० जोडण्यांना ६४ ची उधारी दिली तर बेरीज २५,६०० होते. १ किलोबाइटच्या बफरांनी ती २५ मेगाबाइटमध्ये मावते, पण एका एसआरक्यूमध्ये किती बफर घालता येतात याला कार्डाची मर्यादा असते. ती डिव्हाइसची माहिती दाखवणाऱ्या कमांडने आधी पाहून घ्यायची. तिथल्या सर्व्हरवर उधारी ३२ करायची की लाइननिहाय दोन एसआरक्यू करायच्या, याचा निर्णय त्यांनी कार्ड हातात आल्यावर घ्यायचं ठरवलं आहे. मी दोन क्यूंच्या बाजूचा आहे, म्होरक्या उधारी कमी करण्याच्या.